चादर आणलीत का?

नव्या नोकरीत पहिल्याच चहाला कोणीतरी विचारतं, "मूळचे कुठले?" बेसावध माणूस या प्रश्नाचं खरं उत्तर देऊन बसतो. मीही बसलो. "सोलापूर" एवढं तोंडातून निघालं आणि टेबलाभोवतीचे पाच चेहरे उजळले. ते काही मला बघून उजळले नव्हते. "अरे वा, मग येताना एक चादर आणा की!" त्या गोष्टीला बरीच वर्षं झाली. तेव्हापासून मी पुण्यात चादरी वाहतोय. तुमचं गावही कशासाठी तरी प्रसिद्ध असेल, तर माझ्यासारखी फरफट होऊ नये म्हणून हे चार अनुभवाचे बोल.

एक गोष्ट आधी मनाला समजावून ठेवा. प्रसिद्धी रेशनसारखी असते, एका गावाला एकच वस्तू. सोलापूरला चादर मिळाली, कार्डावर शिक्का बसला. आता दुसरं काही मागायचं नाही. त्यामुळे 1930 साली याच गावाला आवरता आवरेना म्हणून इंग्रजांना मार्शल लॉ पुकारावा लागला होता, मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन हे चौघे 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फासावर गेले, असलं काही भर चहात काढू नका. मी एकदा काढलं. सगळ्यांनी फार शांतपणे ऐकून घेतलं. क्षणभर मला वाटलं, पोचलं. मग एकानं हळू आवाजात विचारलं, "डबल बेडची मिळते का हो?"

डॉ. कोटणीसांच्या बाबतीतही हेच. आमच्या गावचा डॉक्टर 1938 मध्ये चीनला गेला, युद्धातल्या जखमींवर उपचार करत राहिला आणि 1942 मध्ये तिथेच वारला. तिकडे त्याचा पुतळा आहे. हे सगळं सांगावं, तर ऐकणाऱ्याला "चीन" एवढंच ऐकू येतं आणि तो म्हणतो, "चीनची ब्लँकेटं स्वस्त पडतात, पण सोलापुरी ती सोलापुरी." हा गावाचा गौरवच समजा आणि मान डोलवा.

आता जरा नाजूक मुद्दा. तुमच्या गावची वस्तू खरोखर तुमच्या गावची आहे का, याची चौकशी कधीही करू नका. नागपूरकराला संत्री मागतात, आणि तीही हमखास जूनमध्ये. तो बिचारा सांगत नाही की बागा बघायच्या तर अमरावती जिल्ह्यात वरूड-मोर्शीला जा. जळगावकर केळ्यांचं कौतुक स्वतःच्या अंगावर घेतो. ती पिकतात रावेर-यावलकडे. पैठणीचं नाव पैठणचं, पण खरेदीला बायका निघतात येवल्याला. आणि मिरजेची सतार? तिचा भोपळा पंढरपूरकडचा, म्हणजे आमच्या जिल्ह्यातला. पण "सोलापूरचे का? वा, भोपळा!" असं मला अजून कोणी म्हटलेलं नाही. म्हणू नये, हीच सिद्धेश्वराचरणी प्रार्थना.

कोल्हापुरी चपलेचं तर विचारूच नका. 2019 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. (त्या आठांत सोलापूरही आहे, पण हे मी कोल्हापूरकरांसमोर बोलत नाही. जिवाची किंमत आहे मला.) 2025 मध्ये प्राडा या बड्या इटालियन फॅशन कंपनीनं मिलानच्या मंचावर थेट तशाच चपला चढवल्या आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही, तेव्हा केवढा गदारोळ झाला. वस्तू आपण करायची आणि नाव भलत्याचं, हे लोकांना पहिल्यांदाच कळलं. कोल्हापुरी बनवणाऱ्या कर्नाटकातल्या अथणी-निपाणीच्या कारागिरांना ते बऱ्याच आधीपासून ठाऊक असावं.

तर चादर. ती विणली तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी. त्यांच्या घरी आजही तेलुगू चालतं. शेजारी कन्नड, पलीकडे दख्खनी, आणि चौकात या सगळ्यांची मिळून "काय करलालास बे?" अशी मराठी. हे बोलणं ऐकून पुण्यातली माणसं शुद्धलेखनाचा क्लास सुचवतात. चादर मात्र त्यांना अस्सल मराठमोळी वाटते. वाटू द्या. शिवाय मागांवर आता टॉवेलांचीच चलती आहे, आणि "सोलापुरी चादर" म्हणून रस्तोरस्ती जे विकलं जातं त्यातला मोठा माल पानिपतहून येतो. 1761 मध्ये झालं ते निदान एका दिवसात आटोपलं. हे दुसरं पानिपत गेली कित्येक वर्षं चालू आहे आणि बखर लिहायला कोणी नाही.

यातूनच व्यवहाराचं एक सूत्र निघतं. साहेबांना चादर हवी असेल तर ती गावाहूनच आणली पाहिजे असं नाही. ती गावाहून आणल्यासारखी दिसली की झालं. पुण्यातच घ्या, दोन दिवस जुन्या पिशवीत कोंबून ठेवा, वर शेंगाचटणीचं पाकीट ठेवा. तेल जरा सुटलं की वासानं खात्री पटते. "पैसे सांगा हं" असं ते म्हणतील. सांगू नका. ते वाक्य ऐकायला छान असतं, त्यापुढे त्याचं काही होत नाही. मी मात्र अजून खरीच आणतो. गावाहून सकाळची गाडी धरतो, रॅकवर गठ्ठा टाकतो, आणि बाजूचा प्रवासी म्हणतो, "सोलापुरी का? वजनावरून कळलं." गाडीचं नाव हुतात्मा एक्स्प्रेस. कोणते हुतात्मे, हे डब्यात कधी कोणी विचारलेलं ऐकलं नाही.

काही गावांच्या वाट्याला मागता येईल अशी वस्तूच येत नाही. येरवड्याच्या तुरुंगात 1932 मध्ये गांधी-आंबेडकरांचा करार घडला. पण "मी येरवड्याला राहतो" म्हणून बघा, "सुटलात कधी?" हे ठरलेलंच. आमच्या ऑफिसात लातूरचा एक जण आहे. आधी त्याला लोक भूकंपाबद्दल विचारायचे. 1993 ची ती पहाट त्यानं लहानपणी पाहिली आहे, म्हणून तो विषय बदलायचा. मग 2016 मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला गेली आणि लोकांना नवा प्रश्न मिळाला. आता लिफ्टमध्येही त्याला विचारतात, "काय, पाणी आहे ना आता?" तो म्हणतो, "आहे की." मी शेजारीच उभा असतो. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण बहुधा उजनी समोर ठेवूनच आमच्यासाठी केली असावी. सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, पण मला कोणी कधी विचारत नाही. चादर असली की बरंच झाकलं जातं. तुमच्या गावाला अशी एखादी वस्तू नसेल तर वेळीच शोधा. पेढा चालेल, चिक्की चालेल, लोणचंसुद्धा चालेल. नाहीतर लोक स्वतःच काहीतरी शोधतात.

आणि स्वतः मागायला मुळीच लाजू नका. मी जळगावच्या सहकाऱ्याला भरताची वांगी सांगतो, सावंतवाडीवाल्याला लाकडी खेळणी. त्यांची गावं अजून काय काय आहेत, हे मलाही माहीत नाही. विचारत बसलं तर वांगी राहतात.

गेल्या संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेसाठी घरी गेलो होतो. रात्री गारठा होता. आईनं माझ्या अंगावर एक मऊ, जाडजूड, गुलाबी ब्लँकेट टाकलं. त्यावर हा एवढा वाघ.

"आपल्या चादरी कुठायत?" मी विचारलं.

"कपाटात. तुझ्या पुण्याच्या लोकांना द्यायच्यात ना?" आई म्हणाली. "आणि टोचतात रे त्या."

ब्लँकेट हनुवटीपर्यंत ओढलं. कोपऱ्याला लेबल लोंबत होतं. मोबाइलच्या उजेडात वाचलं. पानिपत.