नऊ वर्षांच्या गाडीची कोणती वॉरंटी रद्द होणार?

व्हॉट्सॲपवर सध्या एक लांबलचक संदेश फिरतो आहे. गाडी बाहेरच्या गॅरेजमध्ये दिली की वॉरंटी तत्काळ रद्द होते, विमा कंपनी दावा फेटाळते, बाहेरचे ऑइल आणि सुटे भाग सरसकट नकली असतात, आताच्या संगणकीकृत गाड्या बाहेरच्या मेकॅनिकला कळत नाहीत आणि विकताना निम्मीच किंमत येते. म्हणून सर्व्हिस अधिकृत केंद्रातच करा आणि दरवेळी इंजिन फ्लश (जुने ऑइल काढण्यापूर्वी रसायनाने इंजिन आतून धुणे) व डिकार्बोनायझिंग (इंजिनात साचलेला कार्बन काढणे) करून घ्याच, असा त्याचा आशय आहे. आमच्या कुटुंबाच्या गटावर तो आला तेव्हा मी दुर्लक्ष केले. परंतु साताऱ्याच्या काकांनी तो मनावर घेतला, वर्षानुवर्षांचा मेकॅनिक सोडून ते अधिकृत केंद्रात गेले आणि तीन-साडेतीन हजारांत होणाऱ्या कामाचे सव्वाअकरा हजार मोजून आले, म्हणून हा प्रपंच.

काकांची छोटी पेट्रोल गाडी नऊ वर्षांची आहे. नव्या गाडीची वॉरंटी आपल्याकडे सामान्यतः दोन ते तीन वर्षांची असते. मारुती सुझुकीसारख्या सर्वांत मोठ्या कंपनीनेही ती दोन वर्षे किंवा ४०,००० किलोमीटरवरून तीन वर्षे किंवा १ लाख किलोमीटर केली ती जुलै २०२४ मध्ये. पैसे भरून ती वाढवून घेतली, तरी नवव्या वर्षापर्यंत ती सहसा पोहोचत नाही. जी वॉरंटी कधीच संपली आहे ती रद्द होण्याची भीती घालून एका निवृत्त माणसाला केंद्राच्या दारात उभे करणे, हा या संदेशाचा सर्वांत चीड आणणारा भाग आहे.

आता ज्यांची वॉरंटी खरोखर चालू आहे त्यांच्याविषयी. बाजारातील स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या भारतीय स्पर्धा आयोगापुढे २०११ साली एक तक्रार आली होती, आणि तिच्यावर आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांविरुद्ध आदेश देऊन एकूण २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि तपासणीची उपकरणे खुल्या बाजारात येऊ न देता कंपन्यांनी ग्राहकाला स्वतःच्याच जाळ्यात बांधून ठेवले, हा आयोगाचा निष्कर्ष होता. त्याच आदेशात वॉरंटीविषयी स्पष्ट निर्देश आहे: ग्राहकाने बाहेरच्या मेकॅनिककडून काम करून घेतले एवढ्याच कारणावरून वॉरंटी सरसकट रद्द करण्याची अट कंपनीला घालता येणार नाही, बाहेरच्या सदोष कामामुळे जे नुकसान झाले असेल तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. म्हणजे बाहेर ऑइल बदलले म्हणून पॉवर विंडोच्या मोटारीची वॉरंटी जात नाही.

येथे एक अर्धसत्य मान्य करावे लागते, ते नाइलाजाने करतो. कंपन्या या आदेशाविरुद्ध अपिलात गेल्या. डिसेंबर २०१६ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तीन कंपन्यांच्या बाबतीत निष्कर्ष कायम ठेवून दंडाचा हिशेब मात्र बदलला, आणि वाद तेथेही संपला नाही. वॉरंटी-पुस्तिकांत अधिकृत सर्व्हिसची अट आजही आढळते आणि दावा करायला गेलेल्या ग्राहकाला काउंटरवर तीच दाखवली जाते. त्यामुळे वॉरंटी असेपर्यंत ठरलेल्या सर्व्हिस अधिकृत केंद्रात करून घेणे व्यवहाराच्या दृष्टीने सोयीचे आहे, हे खरे. मात्र त्या काळातही देखभाल-तक्त्याबाहेरच्या कामांना नकार देण्याचा आपला हक्क शाबूत असतो, आणि सुरुवातीच्या ‘मोफत’ सर्व्हिसमध्ये मोफत असते ती केवळ मजुरी, हेही लक्षात ठेवावे.

काकांचे बिल मी ओळीओळीने वाचले. ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर आणि मजुरी ही रास्त कामे वरच्या चार ओळींत संपतात. त्याखाली इंजिन फ्लश, डिकार्बोनायझिंग, एसीचे निर्जंतुकीकरण, अंडरबॉडी कोटिंग आणि ‘इंजिन ड्रेसिंग’ आहे. इंजिन ड्रेसिंग म्हणजे बॉनेटखालच्या प्लास्टिकच्या झाकणांवर आणि रबरी नळ्यांवर चकाकी आणणारा फवारा. गाडी त्याने एक मीटरही अधिक चालत नाही. काकांच्या गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेतला देखभाल-तक्ता मी उघडून पाहिला. त्यात ऑइल व फिल्टर दर १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते, असे लिहिले आहे. एअर फिल्टर, स्पार्क प्लग, कूलंट आणि ब्रेक ऑइल यांची अंतरेही दिली आहेत. फ्लश आणि डिकार्बोनायझिंग त्यात कोठेही नाही. पिकअप कमी झाला आणि तपासणीत कार्बन साचल्याचे आढळले तर ती सफाई जरूर करावी, पण दरवर्षी नैवेद्यासारखी नव्हे. ज्याला हे ‘अनिवार्य’ म्हणून सांगितले जाईल त्याने सर्व्हिस ॲडव्हायझरला तक्त्यातील ओळ दाखवायला सांगावे आणि नको असलेली कामे जॉब कार्डावर, म्हणजे करायच्या कामांच्या यादीवर, सही करण्यापूर्वीच खोडून घ्यावीत.

नकली मालाची भीती मात्र पूर्णपणे निराधार नाही. बाजारात नकली ऑइल आहे, नकली ब्रेक पॅडही आहेत. परंतु त्यावरून ‘बाहेरचे ते सारे नकली’ हा निष्कर्ष निघत नाही, कारण मोटार कंपन्या असंख्य सुटे भाग स्वतः बनवतच नाहीत. ते इतर उत्पादकांकडून येतात, आणि डिझेल इंजिनांचे इंजेक्टर बनवणारा बॉशचा कारखाना तर आपल्या नाशिकमध्येच आहे. अशा उत्पादकांचे अनेक भाग त्यांच्या स्वतःच्या खोक्यात, तर कंपनीच्या खोक्यातले अस्सल भाग अधिकृत वितरकांकडे मिळतात, आणि दोन्हींवर एमआरपी छापलेली असते. पुण्याच्या नाना पेठेत किंवा आपल्या गावच्या जुन्या स्पेअर पार्टच्या दुकानात पार्ट नंबर सांगून भाग घ्यावा, पक्के बिल घ्यावे. ऑइलची श्रेणी मात्र पुस्तिकेतलीच हवी: जेथे ०डब्ल्यू-२० लिहिले आहे तेथे ‘घट्ट ऑइल बरे असते’ म्हणून २०डब्ल्यू-५० ओतणारा मेकॅनिक टाळावा. सीलबंद कॅन आपल्यासमोर उघडायला लावावा आणि रिकामा झाला की त्याला भोक पाडावे, कारण असे धडधाकट कॅनच पुन्हा भरून विकले जातात.

मेकॅनिक पारखायचा असेल तर तो ऑइल काढताना खाली वाकून पाहावे. ऑइल चेंबरच्या ड्रेन बोल्टखाली, म्हणजे ज्यातून जुने ऑइल काढतात त्या बोल्टखाली, एक छोटा वॉशर असतो आणि त्याची किंमत अगदी किरकोळ असते. जुना चपटा झालेला वॉशर फेकून जो नवा घालतो, बोल्ट आधी हाताने फिरवून मग टॉर्क पान्याने, म्हणजे ठरावीक जोरानेच आवळणाऱ्या पान्याने, कसतो आणि जुना फिल्टर न मागता आपल्या हातात देतो, त्याच्याकडे गाडी निर्धास्त सोडावी. दुकानावरची पाटी किती मोठी आहे याला महत्त्व नाही. आपल्याच मॉडेलच्या टॅक्सी कोठे सर्व्हिस होतात, हे स्टँडवर विचारले तरी निम्मा शोध संपतो.

संगणकाचा मुद्दा अर्धवट माहितीवर उभा आहे. एप्रिल २०१३ पासून बीएस-४ या प्रदूषण-मानकाच्या गाड्यांना ओबीडी-२ ही दोष स्वतः नोंदवणारी यंत्रणा सक्तीची झाली, त्यामुळे इंजिनाचे बहुतेक दोष प्रमाणित कोडच्या रूपाने वाचता येतात आणि ते वाचणारा स्कॅनर आज अनेक गॅरेजांत असतो. चावीचे कोडिंग, एअरबॅग, हायब्रिड बॅटरी आणि कंपनीने परत बोलावलेल्या गाड्यांची विनामूल्य दुरुस्ती यांसाठी अधिकृत केंद्रातच जावे. ऑइल बदलण्यासाठी संगणक लागत नाही.

विम्याचे म्हणाल तर सर्व्हिस कोठे केली यावर दावा ठरत नाही. गाडी सुस्थितीत ठेवण्याची अट पॉलिसीत असते, अधिकृत केंद्राची नसते. अपघातानंतर कॅशलेस सोय ठरावीक गॅरेजांत मिळते, एवढाच काय तो फरक. जुन्या गाडीचा ग्राहक किलोमीटरच्या नोंदीसह ठेवलेली बिले पाहतो, त्यामुळे बाहेरच्या गॅरेजचेही पक्के बिल जपून ठेवावे.

वॉरंटी चालू असताना केवळ बाहेर काम केल्याचे कारण देऊन कोणी दावा नाकारला, तर नकाराचे कारण लेखी मागावे आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘राइट टू रिपेअर’ पोर्टलमध्ये मोटारींचाही समावेश आहे. काकांना मी हे सारे सांगितले आहे, आणि तो संदेश आणखी कोणाकोणाला पाठवला आहे याची यादीही मागितली आहे.