‘रॅपर्स डिलाइट’ : गाणे कोणाचे, श्रेय कोणाचे

हिप-हॉपचा विषय निघाला की ‘पहिले रॅप गाणे’, म्हणजे तालावर यमके बोलत म्हटलेले पहिले गाणे, म्हणून ‘रॅपर्स डिलाइट’चे नाव हमखास घेतले जाते. काटेकोरपणे पाहिले तर ते पहिले नव्हे, कारण फॅटबॅक बँडचे ‘किंग टिम थर्ड’ त्याच वर्षी थोडे आधी बाजारात आले होते. पण पहिलेपणाच्या वादात मला फारसा रस नाही. सप्टेंबर १९७९ मध्ये निघालेल्या शुगरहिल गँगच्या या रेकॉर्डने हिप-हॉप जगापर्यंत पोहोचवले, हे कोणीही नाकारणार नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की, ज्या मार्गाने ते पोहोचवले गेले त्याच मार्गात ते ज्यांचे होते त्यांची नावे गळून पडली, आणि म्हणून या गाण्याच्या यशाची हकिकत त्या गळतीला वगळून सांगता येत नाही.

मुळात न्यू यॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातली ही कला रेकॉर्डवर मावेल असे ती करणाऱ्यांनाच वाटत नव्हते. ११ ऑगस्ट १९७३ रोजी सेजविक अव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतीत कूल हर्क या डीजेने आपल्या बहिणीच्या पार्टीत रेकॉर्ड वाजवल्या, तेथून हिप-हॉपचा आरंभ मानण्याची प्रथा आहे. या पार्ट्यांचा नायक डीजे असे. दोन टर्नटेबलांवर एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती लावून, गाण्यातला नाचायला उत्तम असा तालाचा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवत राहायचे, हे त्याचे कसब. माइकवरून यमके म्हणणारा एमसी हा आधी केवळ नाचणाऱ्यांना चेतवण्यापुरता होता. पुढे त्याची यमके लांबत गेली, त्यांना रंग चढला, पण कार्यक्रम तासन्‌तास चालायचा आणि तो संपला की संपला. हाती उरायच्या त्या कॅसेटच्या नकला. पुढे ‘पब्लिक एनिमी’ हा रॅप गट काढणाऱ्या चक डीने सांगितले आहे की, अशा प्रकाराची रेकॉर्ड निघू शकेल ही कल्पनाच त्याला करवत नव्हती.

ती कल्पना केली सिल्व्हिया रॉबिन्सन यांनी. त्या स्वतः गायिका होत्या, ‘पिलो टॉक’ हे त्यांचे १९७३ मधले गाणे गाजले होते, आणि पती जो यांच्यासह चालवलेली त्यांची आधीची रेकॉर्ड कंपनी डबघाईला आली होती. न्यू यॉर्कच्या हार्लेम भागातल्या एका क्लबात माइकवरचा हा प्रकार आणि त्यावर डोलणारी गर्दी पाहून त्यांच्यातल्या व्यावसायिकाला पुढचे दिसले. त्यांनी न्यू जर्सीतल्या एंगलवुडमध्ये तीन तरुण जमवले: वंडर माइक, मास्टर जी आणि पिझ्झाच्या दुकानात काम करणारा बिग बँक हँक. हँकची चाचणी दुकानाबाहेर उभ्या केलेल्या मोटारीत झाली, ही हकिकत प्रसिद्धच आहे. ब्रॉन्क्सच्या पार्ट्यांत रॅपर म्हणून या तिघांपैकी एकाचेही नाव नव्हते.

हँकचा ब्रॉन्क्सशी संबंध होता तो वेगळ्या कारणाने. तो ग्रँडमास्टर कॅझ या नामांकित एमसीचे व्यवस्थापन पाहत असे. रेकॉर्डिंगची संधी चालून आल्यावर हँक कॅझकडे गेला आणि कॅझने आपली यमकांची वही त्याच्यापुढे टाकली. त्या वहीतली कडवी हँकने जशीच्या तशी म्हटली. इतकी जशीच्या तशी, की कॅझचे जुने टोपणनाव ‘कॅसानोव्हा फ्लाय’ एकेक अक्षर सुटे करून ज्या ओळीत येते ती ओळही हँकच्या तोंडी तशीच राहिली. तुकोबांच्या अभंगांत स्वतःची नाममुद्रा घालणारा सालोमालो आपल्याला ठाऊक आहे. येथे तर ‘तुका म्हणे’सुद्धा बदलण्याची तसदी घेतली गेली नाही, आणि तरीही लेबलवर मूळ कवीचे नाव आले नाही. कॅझला श्रेय मिळाले नाही आणि मानधनही मिळाले नाही.

याच गाण्यातली दुसरी उसनवारी मात्र वेगळ्या वळणाने गेली. ज्या बेसच्या सुरावटीवर सारे गाणे उभे आहे ती ‘शीक’ या बँडच्या ‘गुड टाइम्स’ची, आणि ते गाणे त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होते. ‘शीक’चे नाइल रॉजर्स यांनी क्लबात आपलीच सुरावट दुसऱ्याच्या रेकॉर्डवर ऐकली, कायदेशीर कारवाईचा इशारा दिला, आणि रॉजर्स व त्यांचे बँडमधले साथीदार बर्नार्ड एडवर्ड्स यांची नावे गीतकार-संगीतकार म्हणून लागली. त्यांचा हक्क निर्विवाद होता. पण त्यांच्या मागे करार होते, कंपनी होती, वकील होते. कॅझकडे वही होती. शब्दच ज्या गाण्याचा प्राण आहे, त्यात सुरावटीच्या मालकांना न्याय मिळाला आणि ते शब्द लिहिणाऱ्याला मिळाला नाही, ही विसंगती मला आजही खटकते.

एवढे म्हणूनही मी या गाण्याला तुच्छ लेखायला तयार नाही. बारा इंची रेकॉर्डवरची त्याची मूळ आवृत्ती साडेचौदा मिनिटांहून मोठी आहे आणि ती कोठेही रेंगाळत नाही. मित्राच्या घरी जेवायला गेल्यावर समोर गिचका झालेली मॅकरोनी आणि लाकडासारखी लागणारी कोंबडी येते, पाहुण्याला सभ्यपणे नाही म्हणता येत नाही आणि घास तर उतरत नाही, हे वंडर माइकचे कडवे इंग्रजी बेताचे असणाऱ्यालाही हसवते. बढाई, थट्टा, खाणेपिणे, नाचाचे आवाहन असा सारा मालमसाला त्यात आहे. अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या मुख्य यादीत ते ३६ व्या क्रमांकापर्यंतच चढले. ब्रिटनमध्ये तिसरे आणि नेदरलँड्समध्ये पहिले आले. क्रमांकापेक्षा महत्त्वाचे हे की, रॅपची रेकॉर्ड विकली जाते हे कंपन्यांना दिसले आणि वर्ष संपायच्या आत कर्टिस ब्लो या रॅपरला मर्क्युरीसारख्या मोठ्या कंपनीने बाजारात आणले. २०११ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने ‘रॅपर्स डिलाइट’ राष्ट्रीय ध्वनिमुद्रण सूचीत घेतले, तेही योग्यच झाले.

मात्र या यशाने कलेचा साचा बदलला, याची चर्चा पुरेशी होत नाही. ‘रॅपर्स डिलाइट’मध्ये डीजे नाहीच. तेव्हा सॅम्पलर, म्हणजे रेकॉर्डमधला तुकडा उचलून पुन्हा वाजवणारे यंत्र, हाताशी नव्हता, म्हणून रॉबिन्सन यांनी वादक बसवून ‘गुड टाइम्स’ची चाल नव्याने वाजवून घेतली, बेस वाजवणारा चिप शिअरिन जेमतेम सतरा वर्षांचा होता आणि त्याला तीच चाल न चुकता अखंड वाजवत राहावे लागले. डीजेच्या हातांचे काम अशा रीतीने पगारी वादकांनी केले आणि माइकवरचा साथीदार नायक झाला. आज मुंबईच्या वस्त्यांतली मुले इंटरनेटवरून तयार बीट उतरवून घेतात आणि मोबाइलवर यमके जुळवतात, तेव्हा त्यांच्या मनातला हिप-हॉप म्हणजे रॅपरच असतो. त्या समजुतीची सुरुवात मला या रेकॉर्डपाशी दिसते.

डीजेंच्या बाजूने त्याला सणसणीत उत्तर आले ते १९८१ मध्ये, आणि तेही रॉबिन्सन यांच्याच कंपनीकडून. ग्रँडमास्टर फ्लॅशने टर्नटेबलांवर इतरांच्या रेकॉर्ड कापत, जोडत, खरवडत सुमारे सात मिनिटांची एक रेकॉर्ड केली, आणि त्या तुकड्यांमध्ये ‘गुड टाइम्स’ही होते. या वेळी मात्र ती चाल कोणाकडूनही पुन्हा वाजवून घेतलेली नव्हती. ‘शीक’ची मूळ तबकडीच फ्लॅशच्या बोटांखाली फिरत होती.