मालिका संपते, गोष्ट कोण सांभाळतं?

मराठीतली पहिली रोजची सिरियल कोणती, ‘दामिनी’ की ‘आभाळमाया’? चार बायका जमलेल्या कुठल्याही घरात हा प्रश्न टाकून बघा. दूरदर्शनवर दुपारी प्रतीक्षा लोणकरची पत्रकार दामिनी बघत ज्यांनी गहू निवडलेत, त्या माघार घेणार नाहीत. १९९९ मध्ये अल्फा टीव्ही मराठी सुरू झाल्यावर ज्यांच्या घरी केबल आली, त्या सुकन्या कुलकर्णीच्या सुधा जोशीचं नाव घेतील. दोघींचंही खरं आहे. दूरदर्शनवरचा मान दामिनीचा, खासगी वाहिनीवरचा आभाळमायाचा. मला मात्र उत्तरापेक्षा तो वादच मोलाचा वाटतो, कारण वाद घालताना या बायका जे सांगतात ते दुसरीकडे कुठेही लिहिलेलं सापडत नाही.

आज त्याबद्दलच लिहायचंय. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

वीस वर्षांपूर्वी आम्ही तालुक्याच्या गावी राहायचो. लोडशेडिंगचे दिवस होते. वेळापत्रक ठरलेलं असायचं आणि ते नेमकं संध्याकाळच्या सिरियलींवर यायचं. आमच्या आळीत एका बाजूची लाइट गेली की दुसऱ्या बाजूची असायची, त्यामुळे हुकलेला एपिसोड सांगण्याची पद्धतच पडून गेली होती. समोरच्या काकू सकाळी पाणी भरताना ‘वादळवाट’ सांगायच्या. काय झालं तेवढंच सांगून त्या थांबत नसत. अ‍ॅडव्होकेट रमा चौधरी कोर्टात काय बोलली, बोलताना कुणाकडे बघितलं, आबा चौधरी कुठल्या वाक्याला गप्प झाले, हे सगळं त्यांच्या सांगण्यात असायचं. मध्येच हंडा बाजूला ठेवून म्हणायच्या, “थांब, हे तुला कळायचं नाही. मागचं सांगते.” आणि मग मागचं निघायचं, कधीकधी वर्षभर मागचं.

काकूंकडे डायरी नव्हती, सनावळी नव्हती. “हे आमच्या धाकटीच्या बारशाच्या आधीचं” असं म्हणून त्या कुठलाही ट्रॅक बिनचूक जागेवर बसवायच्या. धाकटीचं बारसं कधी झालं ते आळीत सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे तारीख आपोआप मिळायची.

आता आकड्यांचा विचार करा. ‘चार दिवस सासूचे’ २००१ मध्ये ईटीव्ही मराठीवर सुरू झाली आणि २०१३ मध्ये संपली. ३,००० हून जास्त भाग. जाहिराती वगळून एका भागात २० मिनिटं धरली तरी १,००० तासांच्या वर गोष्ट झाली. रोहिणी हट्टंगडींच्या आशाताई आणि कविता लाडची अनुराधा ज्यांनी पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत पाहिल्या, त्यांची मुलं त्या काळात बालवाडीतून दहावी-बारावीला पोचली. एवढी मोठी गोष्ट पुन्हा पहिल्यापासून कोण बघणार? ती जिवंत आहे ती बघणाऱ्यांच्या आठवणीत. त्यात वाहिन्यांची नावंही बदलली. अल्फा मराठीची २००५ मध्ये झी मराठी झाली, ईटीव्ही मराठीची २०१५ मध्ये कलर्स मराठी. आजच्या विशीतल्या मुलीला ईटीव्ही म्हटलं तर काही उमगणार नाही, आणि तिची आजी अजूनही कलर्सला ईटीव्हीच म्हणते.

“सिरियलींना कसला आलाय इतिहास, माणसं बदलतात, मेलेले परत येतात, वाट्टेल ते दाखवतात” असं म्हणणारे भेटतात. घरातले पुरुष जास्त म्हणतात, हे मी स्पष्टच लिहिते. त्यांना माझं सांगणं आहे की हे जे बदलणं आणि परत येणं आहे, त्याचा हिशोब बघणाऱ्यांनी किती चोख ठेवलाय ते एकदा बसून ऐका.

‘माझ्या नवऱ्याची बायको’मधली शनाया घ्या, नायिका राधिकाच्या नवऱ्याच्या आयुष्यात आलेली दुसरी बाई. आधी रसिका सुनील, २०१८ मध्ये तिच्या जागी ईशा केसकर, २०२० मध्ये पुन्हा रसिका. कुणालाही विचारा, ‘पहिली शनाया’, ‘दुसरी शनाया’ आणि ‘पहिली परत आली तेव्हा’ असे तीन कालखंड लगेच पाडून देईल. पहिलीच्या काळात राधिकाचा संसार मोडत होता. दुसरीच्या काळापर्यंत तीच राधिका मसाल्याच्या कंपनीची मालकीण झाली होती. ‘आई कुठे काय करते’मधली दुसरी बाई म्हणजे संजना, आधी ती दीपाली पानसरेची होती, लॉकडाऊननंतर रूपाली भोसलेची. ‘असंभव’मध्ये मानसी साळवीची शुभ्रा गेली आणि उर्मिला कानेटकर आली, तेव्हा आमच्याकडे पंधरा दिवस नव्या शुभ्राला कुणी आपलं म्हणायला तयार नव्हतं. मग एक दिवस सगळ्यांनी म्हटलं, कारण गोष्ट घट्ट होती. चिन्मय मांडलेकरचं लेखन आणि सतीश राजवाडेचं दिग्दर्शन होतं. मागच्या जन्माचा धागा कुठे सुटला नाही. चेहरा बदललेला प्रेक्षक खपवून घेतो. लेखकच मागचं विसरला तर मात्र त्याला राग येतो, आणि तो राग मला शंभर टक्के पटतो.

‘रात्रीस खेळ चाले’ने या आठवणीची सगळ्यात मोठी परीक्षा घेतली. २०१६ च्या पहिल्या पर्वात अण्णा नाईकांच्या मृत्यूपासून गोष्ट सुरू झाली, सगळं कोकणातल्या त्या वाड्यात घडलं. २०१९ मध्ये दुसरं पर्व आलं आणि ते काळात मागे गेलं. अण्णा जिवंत, माधव अभ्यंकरांचा तो आवाज, ती नजर, आणि अपूर्वा नेमळेकरची शेवंता. शेवट आधी माहीत, सुरुवात नंतर बघायची. बघणाऱ्यांनी काय केलं? पहिल्या पर्वात कुणी काय सांगितलं होतं आणि दुसऱ्यात प्रत्यक्ष काय दाखवलं, हे रोज ताडून पाहिलं. माझी एक मैत्रीण रोज एपिसोड संपला की फोन करायची, आणि आम्ही निम्मा वेळ तीन वर्षांपूर्वीच्या भागांवर बोलायचो. कुठे जुळतंय, कुठे जुळत नाही, ही बाई खोटं बोलली होती की तिला ठाऊकच नव्हतं? एखाद्या जुन्या घराण्याच्या कागदपत्रांवर वाद घालावा तसे आम्ही वाद घातले, आणि त्यात जो आनंद होता तो नुसतं सिरियल बघण्यात नाही.

आता मला ज्याचं सगळ्यात जास्त वाटतं ते लिहिते.

‘आभाळमाया’ची सुधा जोशी, ‘माझ्या नवऱ्याची बायको’ची राधिका सुभेदार आणि ‘आई कुठे काय करते’ची अरुंधती देशमुख. तिघींच्या संसारात नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई येते. पहिली १९९९ मधली, दुसरी २०१६ मधली, तिसरी २०१९ मधली. मूळ दुखणं एकच आहे, पण या तिघींना एकामागोमाग एक आठवून बघा. वीस वर्षांत मराठी घरातल्या बाईला काय काय करायची मुभा मिळत गेली ते यातून दिसतं. राधिका व्यवसाय उभा करते आणि पुढे सौमित्रशी लग्न करते. अरुंधती लग्नाच्या पंचवीस वर्षांनंतर नवऱ्याचं प्रकरण समोर आल्यावर घटस्फोट घेते, गाण्याकडे परत वळते, मुलं मोठी झालेली असताना आशुतोषशी लग्न करते. ही गोष्ट मुळात बंगाली ‘श्रीमोयी’ची, हिंदीत तीच ‘अनुपमा’ झाली, हे मला माहीत आहे. तरीही ‘समृद्धी’ बंगल्यातल्या अरुंधतीच्या सासूबाई कांचन आईंच्या तोंडचे बोल आपल्याच घरातले होते.

अरुंधतीच्या दुसऱ्या लग्नाच्या वेळी आमच्या भिशीत दोन तट पडले होते. “या वयात कशाला?” म्हणणाऱ्या बऱ्याच होत्या. आमच्यातल्या एक मावशी सत्तरीच्या आहेत. स्वतःच्या संसाराबद्दल त्यांनी कधी चकार शब्द काढलेला नाही. त्या दिवशी सगळ्यांचं बोलून झाल्यावर म्हणाल्या, “तिनं केलं ते बरं केलं. सुधाच्या वेळेला मला वाटलं होतं, आपणही बोलावं. नाही बोलले.” मग विषय बदलून पुढच्या महिन्याची भिशी कुणाकडे ते विचारू लागल्या. आम्ही कुणीच पुढे विचारलं नाही. त्यांच्या डोक्यात १९९९ ची सुधा आणि आत्ताची अरुंधती शेजारी शेजारी बसल्या होत्या, मध्ये वीसेक वर्षांचं त्यांचं स्वतःचं आयुष्य होतं. जुन्या सिरियलींवर गप्पा मारणं म्हणजे रिकामटेकडेपणा असं ज्यांना वाटतं, त्यांनी ही मावशी डोळ्यांसमोर आणावी.

फसलेल्या ट्रॅकचीही आठवण ठेवली पाहिजे. ‘होणार सून मी ह्या घरची’मधलं जान्हवीचं बाळंतपण लांबलं तेव्हा महाराष्ट्रभर विनोद झाले. मला ते विनोद तेव्हाही आवडले नाहीत. श्री, जान्हवी आणि सहा सासवा यांची सुरुवातीची गोष्ट इतकी प्रेमाने लिहिलेली होती की आम्ही जेवणं लवकर उरकायचो. पुढे ती ताणली गेली. ताणली का जाते, हेही बघणाऱ्या बाईला कळतं. दर आठवड्याला टीआरपी येतो. चालणारा ट्रॅक संपवायची कुणाची हिंमत होत नाही, न चालणारा रातोरात गुंडाळला जातो. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. रोज एक भाग द्यायचा, हाताशी एपिसोडची बँक, म्हणजे आधीच शूट करून ठेवलेले भाग, जेमतेम. लेखक मध्येच बदलतो आणि नव्याला दोनशे भागांपूर्वी कुणी कुणाला काय वचन दिलं होतं ते सांगणारं कुणी नसतं. मग सख्ख्या मावसबहिणी एकमेकींना अनोळखी असल्यासारख्या वागतात, आणि घरी बसलेली आजी ओरडते, “अगं, हिच्याच लग्नात तू करवली होतीस!”

इंग्लंडमध्ये ‘कोरोनेशन स्ट्रीट’ ९ डिसेंबर १९६० ला सुरू झाली आणि अजून चालू आहे. विल्यम रोच पहिल्या भागापासून केन बार्लो करतात. त्या मालिकेने गोष्टीचा इतिहास सांभाळायला खास माणूस ठेवला होता. डॅरन लिटल नावाच्या गृहस्थांनी ते काम केलं आणि पुढे ते त्याच मालिकेचे लेखक झाले. मला हे फार योग्य वाटतं. ज्याला मागचं सगळं ठाऊक आहे त्याच्याच हातात पुढचं दिलं.

आणखी एक गोष्ट वाचून मी कितीतरी वेळ तिचाच विचार करत होते. अमेरिकेत १९६६ ते १९७१ ‘डार्क शॅडोज’ नावाची रोजची सिरियल होती. भुताखेतांची, रक्तपिपासूंची, आपल्या ‘असंभव’ आणि ‘रात्रीस खेळ चाले’च्या जातकुळीतली. तिचे १,२२५ भाग झाले. त्या काळात टेप पुसून पुन्हा वापरायची सर्रास पद्धत होती, तरी हिचे जवळजवळ सगळे भाग वाचले. एका भागाची टेप मात्र हरवली. तो भाग आज ऐकायला मिळतो, कारण कुणा चाहत्याने घरी टीव्हीसमोर बसून त्याचा आवाज रेकॉर्ड करून ठेवला होता. वाहिनीकडे जे उरलं नाही ते घरच्या एका टेपवर उरलं.

आपल्याकडे पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. नाटकांची परीक्षणं जुन्या वर्तमानपत्रांत सापडतात. खासगी वाहिन्यांच्या मालिकांसाठी सामान्य माणसाने जाऊन दार ठोठवावं असं ठिकाण कुठे आहे? ‘आभाळमाया’चं किंवा ‘वादळवाट’चं शीर्षकगीत लगेच मिळतं. अशोक पत्कींची चाल, देवकी पंडितांचा आवाज, दोन ओळी ऐकल्या की अंगावर काटा येतो. गोष्ट शोधायला गेलात की तुकडे हाती लागतात. मार्च २०२० मध्ये चित्रीकरणं थांबली तेव्हा वाहिन्यांनी जुने भाग दाखवले, आणि किती घरांत आजी, आई, नात एकत्र बसून बघत होत्या. नात विचारत होती, आजी सांगत होती. बघणारे आहेत हे तेव्हा वाहिन्यांना दिसलं होतं. पुढे जुलैत नवे भाग सुरू झाले आणि जुने पुन्हा कपाटात गेले.

वाहिन्यांनी जुन्या मालिका पहिल्या भागापासून शेवटच्या भागापर्यंत सलग खुल्या कराव्यात, आणि प्रत्येक मालिकेसोबत कथा-पटकथा-संवाद लिहिणाऱ्यांची नावं वर्षांसकट द्यावीत, अशी माझी मागणी आहे. रोज एक भाग लिहिणाऱ्या त्या लेखकांचीही नावं पुसली जाताहेत, हे मला बघवत नाही. विद्यापीठांच्या मराठी विभागांनी, माध्यमं शिकवणाऱ्या कॉलेजांनी मुलांना घरोघरी पाठवून जुन्या प्रेक्षकांना बोलतं करावं. सत्तरी-ऐंशीच्या बायका आहेत, त्यांच्याकडे दामिनीपासूनचं सगळं आहे. त्यांना थांबायला फार वेळ नाही.

ते होईल तेव्हा होईल. तोवर मी ‘वादळवाट’पासून लिहायला घेतलंय. २००३ ते २००७ मध्ये ती बघणारं तुमच्या घरात कुणी असेल, तर आजच त्यांच्याशी बोला आणि जे आठवेल ते खाली कमेंटमध्ये टाका. कुठला ट्रॅक कशानंतर आला, कोण कधी आलं, कोण कधी गेलं, कुठल्या प्रसंगाला घरात कोण रडलं. वर्ष आठवत नसेल तर अडून राहू नका. तेव्हा घरात कुणाचं लग्न होतं, कोण दहावीला होतं, कुठल्या गावी बदली झाली होती तेवढं लिहा, वर्ष मी त्यावरून काढीन.