नदीकाठचा रस्ता सपाट नसतो

गेल्या महिन्यात माझ्या मैत्रिणीने तिची टूरिंगची, म्हणजे सामान लावून लांबच्या प्रवासाला न्यायची सायकल विकायला काढली. कारण विचारलं तर म्हणाली, "अगं, माझ्याने नाही होत ते. चढ आला की मला उतरून ढकलावी लागते. बाकीचे वर जाऊन ताटकळत बसतात. नकोच ते."

तेव्हापासून मी अस्वस्थ आहे. म्हणून हे सविस्तर लिहितेय. तिच्यासाठी, आणि तिच्यासारख्या ज्या कुणाला आपण या खेळातून नकळत बाहेर ढकललंय त्यांच्यासाठीही.

दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघी डोंगर आणि दाट जंगल यांच्यामधून वाहणाऱ्या एका नदीच्या काठाने पाच दिवस सायकलवर होतो. सामान सायकलला लावलेलं, मुक्काम तंबूत. निघण्याआधी नकाशा उघडून मी हिशोब मांडला होता: रस्ता नदीकाठचा, म्हणजे सपाट. आपण जाणार प्रवाहाच्या दिशेने, म्हणजे उतारच. तेव्हा दिवसाला ९० किलोमीटर सहज होतील. पहिल्या दिवशी अंधार पडला तेव्हा ५२ किलोमीटर झाले होते आणि मैत्रीण माझी माफी मागत होती. चूक माझ्या हिशोबाची होती आणि माफी ती मागत होती, हे मला आजही सलतं.

नदी डोंगरात खरोखर किती उतरते ते बघा. मधल्या टप्प्यात किलोमीटरला २ मीटर धरले तर ६० किलोमीटरमध्ये १२० मीटर. प्रवाहाच्या दिशेने जाण्याचं एवढंच काय ते बक्षीस. रस्त्याचं मात्र तसं नसतं. डोंगरातल्या नदीला दोन्ही अंगांनी ओढे येऊन मिळतात आणि प्रत्येक ओढ्याने स्वतःची घळ कोरलेली असते. रस्ता त्या घळीत उतरतो, पूल ओलांडतो आणि पलीकडे पुन्हा चढतो. एकेक चढ ३० मीटरचा जरी धरला आणि दिवसभरात असे २५ ओढे लागले, तर ७५० मीटरची चढाई झाली. नकाशावर ती दिसतही नाही, कारण आपली नजर नदीच्या निळ्या रेघेवर असते.

वळणांचा भाग वेगळाच. नदी वळते तिथे बाहेरच्या काठावर पाण्याचा मारा बसतो, काठ कापला जातो आणि उभा कडा तयार होतो. आतल्या काठावर प्रवाह मंदावतो आणि वाळू-गोटे साठून सपाटी होते. रस्ता आतल्या बाजूला असला तर मजेत जातो. बाहेरच्या बाजूला असला तर कड्याला पाय ठेवायला जागा नसते, म्हणून तो डोंगराच्या खांद्यावर चढतो. दरी फारच अरुंद झाली की नदी दिसेनाशी होते, खाली कुठेतरी नुसता तिचा आवाज राहतो. आमच्या प्रवासात सगळ्यात सुंदर आणि सगळ्यात दमवणारे तास हेच होते.

आता मी अंतर वेगळं मोजते. दर १०० मीटर चढाईला ४ किलोमीटर जास्तीचे धरायचे. ६० किलोमीटर आणि ९०० मीटर चढाई असेल, तर तो माझ्या लेखी ९६ किलोमीटरचा दिवस. हा नियम कुठल्या पुस्तकातला नाही. सामानासकट माझा वेग आणि माझा दम बघून मी तो बसवलाय. तुमचा आकडा वेगळा येईल, पण तो काढा.

वारा तर मी हिशोबात धरलाच नव्हता. स्वच्छ उन्हाच्या दिवशी डोंगरउतार तापतात, तिथली हवा वर चढते आणि तिची जागा घ्यायला खालच्या सपाटीवरची हवा खोऱ्यातून वर सरकते. म्हणजे दुपारी वारा नदीच्या उलट दिशेने, मुखाकडून उगमाकडे वाहतो. रात्री डोंगर थंड झाले की उलटं होतं. आम्ही प्रवाहाबरोबर निघालेल्या, त्यामुळे रोज दुपारी एकपासून वारा थेट तोंडावर. उतारावरही पॅडल मारावं लागत होतं. तिसऱ्या दिवसापासून आम्ही उजाडताच निघायला लागलो. पहाटे दरीत थंड हवा साचून धुकं असतं, कपडे ओले होतात, पुढचा-मागचा दिवा लावावाच लागतो. तरीही तो सौदा फायद्याचा.

आता मुद्द्याचं, गिअरचं.

मैत्रिणीच्या सायकलचा सगळ्यात हलका गिअर म्हणजे पुढची चकती ३४ दात्यांची, मागची २८ ची. पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण अडीच मीटर पुढे जाते. आता दहा टक्क्यांचा चढ घ्या. माणूस, सायकल, सामान मिळून ९० किलो. ताशी ५ किलोमीटरने चढायचं म्हटलं तरी नुसतं वजन वर उचलायला १२० वॅटच्या वर ताकद लागते. धाप लागेल, पण धडधाकट माणसाला काही वेळ झेपते. प्रश्न ताकदीचा नाहीच. त्या गिअरवर त्या वेगाला पाय मिनिटाला जेमतेम ३३ वेळा फिरतात. प्रत्येक फेरा म्हणजे उभ्या पायरीवर ओझं घेऊन चढणं. मांड्या पेटतात, गुडघे बोलायला लागतात, सायकल डगमगते आणि माणूस उतरतो.

तोच चढ, तोच वेग, पण पुढे २२ आणि मागे ३४ दाते असले तर एका फेऱ्यात सायकल १.३६ मीटर जाते आणि पाय मिनिटाला ६० च्या आसपास फिरतात. ताकद तेवढीच लागते, पण पायावरचा दाब निम्म्याजवळ येतो. बसल्या बसल्या, आजूबाजूचं जंगल बघत चढता येतं. माझ्या सायकलला असाच गिअर होता. मी चढत होते आणि ती उतरत होती, याचं कारण एवढंच. दोन वर्षं ती मात्र समजत राहिली की आपले पाय कमजोर आहेत. पाचही दिवस मी तिच्या पुढे चालवत होते. एकदा सायकली बदलून बघूया, हे मला सुचलं नाही.

हा गैरसमज जुना आहे. फ्रान्समधल्या सेंत-एत्येनचे पॉल द व्हिव्ही (१८५३–१९३०) 'व्हेलोसिओ' या टोपणनावाने सायकलप्रवासाबद्दल आयुष्यभर लिहीत राहिले. डोंगरात प्रवास करायचा तर एकापेक्षा जास्त गिअर हवेतच, हे त्यांनी स्वतः घाट चढून दाखवलं. त्याच काळात तूर द फ्रान्स शर्यतीचे संस्थापक आंरी देग्रांज गिअर बदलण्याला विरोध करत राहिले. त्यांच्या मते कस लागायचा तो स्नायूंचा. १९०३ मध्ये सुरू झालेल्या या शर्यतीत सगळ्यांना डिरेलर, म्हणजे साखळी एका चकतीवरून दुसऱ्या चकतीवर नेणारी यंत्रणा, वापरायची परवानगी मिळाली ती १९३७ मध्ये, देग्रांज यांनी सूत्रं सोडल्यावर. जगातल्या सर्वांत कणखर सायकलपटूंनी डिरेलर स्वीकारला त्याला इतकी वर्षं झाली, तरी हलका गिअर म्हणजे कमीपणा ही भावना अजून आपल्या डोक्यातून जात नाही. भूक लागण्याआधी खा, तहान लागण्याआधी प्या, आणि केवळ बढाईसाठी पॅडल मारू नका, असं व्हेलोसिओ सांगत. यातला शेवटचा सल्ला सायकलच्या प्रत्येक गटात मोठ्याने वाचला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

ढकलत नेण्याचंही तसंच. दहा टक्क्यांचा एक किलोमीटर चढ ताशी ५ ने सायकलवर चढायला १२ मिनिटं लागतात. भरलेली सायकल ढकलत ताशी साडेतीनने गेलात तर १७. फरक पाच मिनिटांचा! त्या पाच मिनिटांसाठी माणसाने स्वतःला नालायक समजावं? वर थांबलेल्यांनी घड्याळ बघावं?

ओझ्याबद्दल थोडक्यात. ९० किलोमधले ५ किलो घरी ठेवले, तर ९०० मीटर चढाईच्या दिवशी ५० मीटरचा चढ वाचल्यासारखं होतं. आम्ही दोन दोन जोड कपडे उगाच वाहून नेले.

उताराची धास्ती मात्र बाळगाच. जंगलातल्या रस्त्यावर ज्या वळणांना ऊन लागत नाही तिथे शेवाळ आणि ओली पानं असतात, आणि ती वळल्यावरच दिसतात. ब्रेक वळणाच्या आधी लावायचा, वळणात नाही. रिम, म्हणजे चाकाची ब्रेक घासतो ती कड, ओली असेल तर ब्रेक पहिल्या एक-दोन फेऱ्यांत धरतच नाही, हे ध्यानात ठेवायचं. लांब उतारावर ब्रेक सतत घासत ठेवला तर चढताना कमावलेली सगळी उंची उष्णता होऊन रिममध्ये जाते आणि ट्यूब फुटू शकते. थोडा जोरात दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा. मध्ये थांबायचं. थांबायला तिथे कारणांची कमी नसते.

एक प्रसंग सांगायलाच हवा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नदीच्या आतल्या वळणावर गोट्यांची सुंदर सपाटी दिसली. पाणी दहा पावलांवर, आभाळ निरभ्र. मी तंबूच्या काठ्या काढल्यासुद्धा. मैत्रीण मागून आली, सायकल झाडाला टेकवली आणि तशीच उभी राहिली. म्हणाली, "हे बघ." तिच्या खांद्याच्या उंचीवर, फांदीच्या बेचक्यात वाळकं गवत, काटक्या आणि चिखल अडकलेला होता. "इथपर्यंत पाणी येतं गं." मी म्हटलं, पावसाचं चिन्ह नाही. ती म्हणाली, "इथे नाही. वर कुठे असेल ते आपल्याला काय माहीत?"

कंटाळत, कुरकुरत आम्ही सामान वीस मीटर वर नेलं. रात्रभर आमच्यावर थेंब पडला नाही. सकाळी उठून पाहिलं तर सपाटी नव्हती. गढूळ पाणी घोंगावत जात होतं. डोंगरातल्या नदीला आपल्या डोक्यावरच्या आभाळाशी देणंघेणं नसतं, तिचा संबंध वरच्या सगळ्या पाणलोटाशी असतो. हे मी वाचलेलं होतं. तिने ते फांदीवर पाहिलं.

पाण्याच्या बाबतीतही तीच जागरूक. ओढ्याचं काचेसारखं पाणी बघून मी बाटली बुडवली तेव्हा तिने हात धरला. वरच्या अंगाला जनावरं पाण्यावर येत असणारच. पाणी नितळ आहे म्हणजे निर्जंतुक आहे असं नाही. खळखळून किमान एक मिनिट उकळायचं, जास्त उंचीवर आणखी वेळ. आम्ही रोज रात्री उकळून ठेवायला लागलो. दरीत आणि दाट झाडीखाली फोनच्या नकाशावर आपली जागा दाखवणारा ठिपका भलतीकडेच उड्या मारायचा, तेव्हा कागदी नकाशावर ओढे मोजत आम्ही कुठे आहोत हे तीच सांगायची.

मला सांगा, अशा खोऱ्यात चांगला प्रवासी कोण? चढावर पुढे असलेली मी, की फांदी वाचणारी ती?

त्या प्रवासानंतर ती एका गटाबरोबर जायला लागली. तिथे रोज संध्याकाळी सरासरी वेगाचे आकडे टाकले जात. तिचा आकडा नेहमी शेवटचा. कुणी वाईट बोललं नसेलही. पण नदीने वळण कुठे घेतलं, कुठल्या ओढ्याला पाणी होतं, कुठे थांबावंसं वाटलं, हे कुणी कधी विचारलं नाही. वर्षभर शेवटचा आकडा बघत राहिलं तर कुणीही सायकल विकायला काढेल.

सायकल विकली गेली नाहीये. मी तिच्याकडून महिनाभराची मुदत मागून घेतली. क्रँक (पॅडल जोडलेले दांडे) बदलून पुढे २२ ची चकती आली, मागे ३४ पर्यंतची कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच), आणि एवढी साखळी सांभाळणारा लांब बाहूचा डिरेलर. परवा आम्ही दोघी चढावर गेलो. ती बसून, न उतरता वर आली. बोलली काहीच नाही. परत खाली गेली आणि पुन्हा चढून आली.

काल रात्री तिचा फोन आला. त्याच खोऱ्यात जाऊया का, या वेळी उलट दिशेने, उगमाकडे? दुपारचा वारा पाठीशी राहील. मी म्हटलं, पहिल्या दिवसाला ४५ किलोमीटर ठेवूया.

"किलोमीटर राहू दे," ती म्हणाली. "ओढे किती आहेत ते सांग."