पंपाच्या आधी टाकीकडं बघा म्हणलो, त्याचं कारण

दादा, कमेंट वाचली. जुनी डिझेल जीप चढाला दम टाकायली म्हणजे पंप-नोझल (जोरानं डिझेल ढकलणारा मोठा पंप आन् इंजिनात ते फवारणारे नोझल) गेले, सरळ पंपवाल्याकडं द्यायचं सोडून मी लोकायला पाईप तपासत बसवायलो, असं तुमचं म्हणणं. राग नाही आला, पण पटलं बी नाही.

पंपवाला पंप काढून मशीनवर लावतो. तिथं तेल मशीनच्या टाकीतून येतं, गाळून, पाहिजे तेवढ्या प्रेशरनं. तुमची टाकी, तुमचे पाईप तिथं नसतातच की! मग मशीनवर पंप ओके, गाडीवर बसवला की परत तेच रडगाणं, आन् कॅलिब्रेशनचे, म्हणजे मशीनवर पंप सेट करायचे, पैसे गेले ते गेले.

टाकीतून डिझेल ओढून मोठ्या पंपाला देणारा छोटा पंप म्हणजे फीड पंप. टाकी ते फीड पंप ही लाईन ओढणारी असते, त्यामुळं तिथं बारीक चीर पडली तर चालू गाडीत डिझेल बाहेर येत नाही, उलट हवा आत जाते, खाली थेंब दिसत नाही म्हणून सगळे म्हणतात लिकेज नाहीच. मांजरसुंब्याचा घाट टाकी फुल असताना चढते आन् अर्ध्याच्या खाली आली की झटके देते, अशी गाडी असली तर टाकीतला डिझेल ओढायचा उभा पाईप आधी बघा. तो वरच्या बाजूला सडलेला असतो, डिझेल खाली गेलं की भोक उघडं पडतं. पंपाला काय माहीत टाकीत किती डिझेल आहे?

तपासायला लई काही लागत नाही. फीड पंपाच्या इनलेटला, म्हणजे डिझेल आत जायच्या तोंडाला, टाकीच्या पाईपाऐवजी पारदर्शक नळी लावायची, तिचं दुसरं टोक स्वच्छ डिझेलच्या कॅनमधे, कॅन खालीच ठेवायचा, वर टांगला तर डिझेल आपोआप उतरतं आन् फीड पंप ओढतो का नाही ते कळतच नाही. कॅनवर गाडी नीट पळाली तर दोष मागं, टाकीकडं. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक मातीनं बुजलेलं असलं तरी असंच होतं, थोडं पळून बंद, झाकण उघडलं की फुस्स, परत चालू.

कॅनवर बी मिसिंग (झटके) राहिली, नळीत बुडबुडा नाही, फिल्टर नवा, तर मग तुमचं खरं, खुशाल पंप काढा.

आन् तुमच्या जीपला सकाळी चालू करायच्या आधी हँडपंप (फीड पंपावरचा हातानं डिझेल चढवायचा दांडा) मारावा लागतो का तेवढं सांगा. लागत असला तर कुठून तरी हवा शिरायली, बँजो बोल्टचे (डिझेल पाईप जोडायचे पोकळ बोल्ट) तांब्याचे वायसर बदला आधी, जुनेच परत आवळलेले असतात बऱ्याचदा.