हौद्यात ओरखडा नाही

“साहेब, हौद्यात एकसुद्धा ओरखडा नाही.”

परवा दुपारपासून हे वाक्य माझ्या कानात अडकलंय. म्हणणारा होता शोरूममध्ये जुन्या गाड्यांची किंमत काढणारा माणूस, आणि सूर कौतुकाचा नव्हता. शेजाऱ्याच्या घरात व्यायामाची सायकल बघून आपण “अगदी नवी कोरी आहे हो!” म्हणतो ना, तो सूर.

गाडी अकरा महिन्यांची. डिझेल पिकअप, डबल केबिन, मागे सामानाला उघडा हौदा, पळालेली 6,400 किलोमीटर. एक्सचेंजला द्यावी की ठेवावी, या घोळात मी दोन महिने आहे. नुसतं विचारून बघू म्हणून गेलो होतो. नुसतं विचारायला गेलेल्या माणसाची जी शोभा व्हायची ती झाली.

हा गृहस्थ आला तो हातात रंगाची जाडी मोजायचं यंत्र घेऊन. ते पत्र्याला टेकवलं की मायक्रॉनमध्ये आकडा दाखवतं. अपघातानंतर पुटी भरून रंग मारला असेल तर आकडा एकदम चढतो. दारावर टेकवलं. “हं.” बॉनेटवर टेकवलं. “हं.” मागचा फाळका पाडला, हौद्यात डोकं घातलं आणि बराच वेळ बाहेरच आला नाही. मला वाटलं, झोपला.

“काय वाहता यातून?” आतून आवाज आला.

“असंच... लागेल ते.”

“काय लागलं आजवर?”

मी आठवू लागलो. “एकदा गादी नेली होती.”

“डबल?”

“सिंगल.”

तो बाहेर आला. माझ्याकडे नीट पाहिलं. मग वाकून सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवलं आणि ते माझ्यासमोर धरलं. बोट स्वच्छ. माझ्या आयुष्यात सायलेन्सर स्वच्छ असल्याबद्दल शरमिंदा व्हायची ही पहिलीच वेळ.

“मग विकताय का?”

“वापर कमी आहे हो. गाडी उत्तम आहे.”

“उत्तम आहे,” तो म्हणाला, “मग विकताय का?”

हा प्रश्न त्याने चार वेळा विचारला. चौथ्या वेळी मलाच शंका येऊ लागली, की आहे काहीतरी खोट, आणि ती मी बायकोपासूनसुद्धा लपवतोय. “गिअर टाकताना कधीकधी...” असं काहीतरी माझ्या तोंडून निघूही गेलं. निव्वळ त्याचं मन राखायला! त्याने ते लगेच लिहून घेतलं.

घरी येऊन वाचत बसलो, तर हा अपमानसुद्धा शास्त्रशुद्ध निघाला. जॉर्ज अकेरलॉफ नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने 1970 साली यावरच निबंध लिहिलाय. गाडीत खोट आहे की नाही हे विकणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्याला नाही. म्हणून घेणारा वाईटच धरून चालतो आणि चांगल्या गाडीलाही पडेल भाव देतो. नव्या गाडीची किंमत शोरूमबाहेर पडताच एवढी का घसरते, याचं एक कारण हेच. नवी असून विकतोय म्हणजे पाणी मुरतंय कुठेतरी. अमेरिकेत अशा फसव्या गाडीला ‘लिंबू’ म्हणतात. अकेरलॉफला 2001 मध्ये नोबेल मिळालं. त्याआधी हा निबंध तीन नियतकालिकांनी परत पाठवला होता म्हणे. माझी गाडी अजून एकाच शोरूमने. मराठीत मात्र लिंबूटिंबू म्हणजे खेळात घेतलेला पण कुणी न मोजलेला गडी. त्या काउंटरवर गाडी लिंबू होती की नाही माहीत नाही, मी लिंबूटिंबू नक्की होतो.

आता खरा राग सांगतो. अकरा महिन्यांपूर्वी हेच शोरूम, हीच खुर्ची. तेव्हा समोरचा मुलगा म्हणत होता, “डिझेल म्हणजे टॉर्क, साहेब, ओढायची ताकद! पेट्रोल काय, कुणीही चालवतं.” टॉर्कचं मला काय लोणचं घालायचं होतं? ऑफिस चार किलोमीटरवर. पण छाती फुगली ना. परवा तोच मुलगा, तोच टाय, म्हणाला, “डिझेल आता कोण घेतं, साहेब? तुम्ही पेट्रोल बघा.” मी त्याला टॉर्कची आठवण करून दिली, तर तो मनापासून हसला. त्याला वाटलं, मी विनोद केला.

आणि रोज चार किलोमीटर हेच तर दुखणं आहे, जे विकताना कुणी बोललं नाही. डिझेलच्या धुरातली काजळी अडवायला एक फिल्टर असतो. अडकलेली काजळी जळायला सहाशे अंशांच्या आसपास तापमान लागतं, आणि माझी गाडी कोमट होईतो ऑफिस येतं. मग समोर फिल्टर तुंबल्याचा दिवा लागतो. पुस्तिका सांगते, मोठ्या रस्त्यावर एका वेगात चांगली पंधरा-वीस मिनिटं चालवा. म्हणून मी रात्री जेवण झाल्यावर किल्ली घेतो.

“कुठे निघालात?”

“काजळी जाळायला.”

आमच्याकडे आता काळजी आणि काजळी यांत फरक उरलेला नाही. डिझेल जाळून झालेली काजळी जाळायला आणखी डिझेल जाळायचं, तेही कुठेही न जाता. शिवाय धुरातल्या नायट्रोजनच्या ऑक्साइडांसाठी वेगळ्या टाकीत 32.5 टक्के युरियाचं द्रावण. ते संपलं आणि इंजीन बंद केलं, की भरेपर्यंत पुन्हा सुरूच होत नाही. पीक नाही, पाणी नाही, पण युरिया वेळेवर घालतोय.

ज्याने हे डिझेल इंजीन काढलं, तो रुडॉल्फ डीझेल 1913 साली बोटीने इंग्लंडला जाताना रात्रीतून नाहीसा झाला. कर्जात बुडाला होता. नेमकं काय झालं ते आजवर पक्कं कळलेलं नाही. बिचाऱ्याला कुणीतरी एक्सचेंजचा आकडा सांगितला असेल.

मला आकडा कागद उपडा करून सरकवण्यात आला. तो कर्जाच्या बाकीपेक्षा लहान होता. म्हणजे गाडी द्यायची, वर पदरचे पैसे घालायचे, आणि नव्या गाडीचं नवं कर्ज काढायचं. अकरा महिन्यांनी तीही ‘नवी असून विकताय का’ होणारच.

काल मेव्हण्याने लोखंडी कपाट हलवायला गाडी मागितली. एरवी मी कारणं सांगतो. काल म्हटलं, आण. चढवताना कपाट सटकलं आणि हौद्यात चांगला हातभर ओरखडा उठला. मेव्हणा पांढराफटक. मला मात्र, खरं सांगतो, आत कुठेतरी बरं वाटलं. पिकअपची पिकअप झाली. मी तिथूनच त्या माणसाला फोन लावला.

“ओरखडा पडलाय,” मी म्हणालो. “हौद्यात. मोठा.”

“हं,” तो म्हणाला. “मग आकडा खाली येईल, साहेब.”