वॉचमन बदलला की देश सुरक्षित!

सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर फर्मान आलं. रात्रपाळीचे वॉचमन बदला, 'बॉर्डरकडची माणसं' नकोत, सध्याचं वातावरण बघता अंतर्गत सुरक्षेचा प्रश्न आहे. खाली अंगठ्यांची रांग. कोथरूडातल्या आमच्या पार्किंगला अंतर्गत सुरक्षा म्हणतात, हे मला आजच कळलं.

बॉर्डरकडची माणसं म्हणजे आसामची दोन पोरं. त्यातला मोठा बोडो, म्हणजे आसामातल्या आदिवासी जमातीतला, गाव भूतानच्या पायथ्याशी. गेल्या पावसाळ्यात लाइट गेली, लिफ्ट बंद, म्हणून मी त्याच्या केबिनपाशी बसून होते. बॅटरीच्या उजेडात रजिस्टरमध्ये रेघा आखता आखता तो बोलत होता. लहानपणी रात्री जंगलातून बंदूकवाले यायचे, जेवण मागायचे, बापाच्या किराणा दुकानातून वसुली न्यायचे. सकाळी लष्कर यायचं आणि रात्री कोणाला जेवू घातलंस म्हणून त्याच बापाला उन्हात बसवायचं. "दोनों तरफ से मार," एवढंच म्हणाला. मग गेटवर हॉर्न वाजला, उठून गेला.

त्या बंदूकवाल्यांचे तळ होते भूतानच्या जंगलात. उल्फा, एनडीएफबी, केएलओ, आसाम-उत्तर बंगालातल्या तिन्ही फुटीरतावादी संघटनांचे. आपलं लष्कर कितीही शूर असलं तरी सीमेपाशी येऊन थांबायचं. शेवटी वर्षानुवर्षं समजावून दमल्यावर डिसेंबर 2003 मध्ये भूतानच्या राजानं आपलं चिमुकलं सैन्य आत घातलं आणि तळ उठवले. त्यात भूतानचे सैनिक गेले, आपल्यासाठी. किती जणांना माहितीये हे? हिंसाचार त्यानंतरही पुरता थांबला नाही, पण बापाचं दुकान दिवेलागणीनंतर उघडं राहायला लागलं ते तेव्हापासून. हे त्याचे शब्द.

बांगलादेशचंही तेच. 2009 मध्ये शेख हसीना तिथे पंतप्रधान झाल्या आणि त्याच वर्षी उल्फाचा अध्यक्ष अरविंद राजखोवा आपल्या हातात आला. 1997 साली ढाक्यात पकडलेला उल्फाचाच नेता अनुप चेतिया 2015 मध्ये मिळाला. गोळी झाडावी लागली नाही. शेजारच्या पोलिसांनी मनावर घेतलं, बस.

आता कमेंटमध्ये 'आणि पाकिस्तान?' येणारच. पाकिस्तान म्हणजे भूतान नव्हे, मान्य.

आणि माझंही डोकं फिरतंच हो! मुंबईच्या लोकलमधल्या स्फोटांनंतर दोनच महिन्यांनी, सप्टेंबर 2006 मध्ये, क्यूबातल्या हवानात मनमोहन सिंग आणि पाकिस्तानचे मुशर्रफ यांनी दहशतवादाविरुद्ध संयुक्त यंत्रणा उभारायचं ठरवलं. दोन वर्षांनी 26/11. पठाणकोटच्या हवाई तळावरच्या हल्ल्यानंतर 2016 मध्ये पाकिस्तानचं तपास पथक आपण त्या तळावर येऊ दिलं, त्यात आयएसआयचा अधिकारीसुद्धा. आपल्या पथकाला मात्र तिकडे पाऊल ठेवू दिलं नाही. सार्कचा, म्हणजे दक्षिण आशियाई देशांच्या संघटनेचा, दहशतवादविरोधी करार तर 1987 चा, आणि 2014 नंतर सार्कची शिखर परिषदच झालेली नाही. जर्मन बेकरीच्या स्फोटात 17 माणसं गेली ते शहर आहे हे. पहलगामच्या 26 जणांत आपल्या पुण्याचेही होते. मला कोणी शांतीची कबुतरं शिकवू नये.

पण म्हणून फोनची वायरच कापायची? 1992 पासून दर 1 जानेवारीला दोन्ही देश अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात, युद्धाच्या वर्षातही दिल्या. वर्षातून दोनदा कैद्यांच्या याद्या जातात, त्यात आपल्या पालघरचे कोळी असतात, चुकून पाण्यातली हद्द ओलांडलेले. घरच्यांसाठी त्या यादीत नाव दिसणं म्हणजे माणूस जिवंत आहे. आणि 10 मे 2025 ला गोळीबार थांबला तोही दोन डीजीएमओंच्या, म्हणजे दोन्हीकडच्या लष्करी कारवायांच्या प्रमुखांच्या, फोनवर. चॅनलवर त्या वेळी कराची पडली होती.

मला आत्ता खरी धास्ती आहे ती बांगलादेशची. ऑगस्ट 2024 मध्ये हसीनांची सत्ता गेली, तेव्हापासून आपले अँकर रोज रात्री त्या अख्ख्या देशाला शिव्या घालतायत आणि इकडे बंगाली बोलणारा दिसला की कागद मागतायत. काही घुसखोर असतीलही. पण उद्या ढाक्यातला एखादा अधिकारी आपला फोन उचलायचा कंटाळा करेल, सीमेपलीकडे पुन्हा कोणीतरी तंबू ठोकेल, आणि रात्री जेवण मागायला ते कोथरूडात येणार नाहीत. त्या पोराच्या बापाकडे जातील.